रडत रडत ईस्टरला जावं का?

पत्र थोडक्यात: नागपुरातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईंचं हे पत्र आहे. त्यांचे पती बुटीबोरीच्या एका कारखान्यात नोकरीला होते. किडनीचा आजार झाला, दोन वर्षं डायलिसिस चाललं आणि गेल्या नोव्हेंबरात ते गेले. शेवटपर्यंत कंपनीच्या पटावर त्यांचं नाव होतं. मंडळीने, म्हणजे त्यांच्या चर्चच्या लोकांनी, साखळी प्रार्थना केल्या, उपवास केले. बाहेरगावच्या एका प्रचारकाने तर "हे उठून चालू लागतील" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. आता उपवासकाळ सरत आलाय, येशूच्या पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, तोंडावर आहे. बाई कित्येक वर्षं क्वायरमध्ये गातात. ईस्टरच्या पहाटे त्यांच्या मंडळीची उपासना कबरस्तानात होते आणि पहिलं गीत त्याच उचलतात. यंदा त्याच कबरस्तानात नवऱ्याची कबर आहे, अजून पक्की बांधलेलीही नाही. नणंद म्हणते, "पुनरुत्थान मानणाऱ्यांनी इतकं रडणं म्हणजे अविश्वास." तोच प्रचारक सांत्वनाला आला आणि म्हणाला, संत्र्याला ताण दिल्याशिवाय बहार येत नाही, देवाने तुम्हाला ताण दिलाय. पंधरा वर्षांच्या मुलाने चर्चला जाणं सोडलंय, "एवढ्या लोकांनी प्रार्थना केली, काय झालं?" असं तो विचारतो. दवाखान्यापायी काढलेल्या पतसंस्थेच्या कर्जाचे हप्ते थकलेत. रात्री झोप नाही. बाई विचारतात, "माझी आशा संपली का? मी गाऊ की नको? आणि पोराला काय सांगू?"

ताई,

गाण्याचं शेवटी बोलू. आधी त्या संत्र्याच्या बागेचा निकाल लावू, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त तेच खुपतंय असं मला दिसलं.

काटोल-नरखेडकडे ज्यांची बाग आहे त्यांना हे ठाऊक असतं. आंबिया बहार घ्यायचा तर थंडीत झाडाचं पाणी तोडतात, पानं मलूल होऊ देतात, मग ताण तोडला की जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं. दाखला म्हणून ऐकायला गोड आहे. पण बागवाला ताण देतो तो जमीन बघून. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी जमिनीत जास्त, आणि झाड सुकू लागलं तर लगेच पाणी सोडतो. एक झाड उपटून शेजारच्या झाडाला बहार आणायची रीत कुठल्याच बागेत नाही. तुमचे मिस्टर तुम्हाला फुलवण्यासाठी गेले, असं म्हणणाऱ्याने तुमच्या देवाला फारच वाईट बागवाला ठरवलंय.

आणि हे बोलणं ख्रिस्ती शिकवणीच्याही उलट आहे. पुनरुत्थानावर प्रेषित पौलाने, बायबलमधली कितीतरी पत्रं ज्याची आहेत त्याने, जो सगळ्यात लांब अध्याय लिहिला, करिंथकरांस पहिल्या पत्रातला 15 वा, त्यात तो मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतो. सरळ शत्रू. देवाचं अवजार नाही, धडा शिकवणारा मास्तर नाही. पुनरुत्थानाची बातमी मोठी वाटते ती मृत्यू खरोखर वाईट आहे म्हणूनच. मृत्यूत मुळात काही बिघडलेलंच नसतं, तर येशूच्या थडग्यावरचा धोंडा सरकवायची कुणाला काय गरज होती? तेव्हा कुणी तुमच्या दुःखाला 'देवाची योजना' म्हणून गुंडाळून हातात देत असेल, तर ते घेण्याची सक्ती तुमच्यावर नाही. मान हलवून चहा विचारा आणि विषय सोडून द्या.

आता नणंदबाईंचं म्हणणं. त्यांचा आधार बहुधा थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं वचन असावं, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. पौलाच्या सगळ्यात जुन्या पत्रांपैकी हे एक, इसवी सन 50 च्या सुमाराचं. मंडळीतली काही माणसं वारली होती, मागे राहिलेले हवालदिल होते, त्यांना धीर द्यायला पौलाने ते लिहिलं. त्यात रडण्याला बंदी आहे असं मला कुठेच दिसत नाही. हाच पौल फिलिप्पैकरांना कळवतो की माझा सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचला, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. पुनरुत्थानाचा एवढा मोठा साक्षीदार, पण सोबती गेला असता तर आपण कोसळलो असतो, हे लिहायला त्याला संकोच वाटला नाही.

येशूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजराच्या गोष्टीत तर याहून पुढची बाब आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11 व्या अध्यायात मार्था आणि मरीया, लाजराच्या दोघी बहिणी, येशूला तोंडावर तेच वाक्य ऐकवतात: तुम्ही इथे असता तर आमचा भाऊ मेला नसता. ही तक्रार आहे, आणि ती ऐकून येशू कुणालाही अविश्वासू म्हणत नाही. पुढे तो स्वतः रडतो. लाजर थोड्याच वेळात बाहेर येणार हे त्याला माहीत होतं, तरी रडला. शेवट ठाऊक असणाऱ्यालाही त्या थडग्यापाशी रडू आलं, तर तुम्ही कबरस्तानात रडलात म्हणून कुणाचा विश्वास उघडा पडतो?

पण नणंदेबद्दल एक गोष्ट मनात असू द्या. तिचा भाऊ गेलाय. तुम्हाला 'रडू नका' म्हणणारं माणूस कधी कधी स्वतःला थोपवत असतं. तसं नसेलही, काही माणसं नुसतीच बोलकी असतात. तरी एकदा विचारून बघा, "तुम्हाला कसं वाटतंय, ताई?" मग ती वाद घालते की गप्प बसते, त्यावरून पुढचं ठरवता येईल.

प्रार्थनेचं दुखणं याहून अवघड आहे. तुम्ही उघड लिहिलं नाही, पण ओळींमधून जाणवतं: आपला विश्वास कमी पडला म्हणून मिस्टर गेले का, ही शंका तुम्हाला खातेय. तुमचे मिस्टर रोज बुटीबोरीला जायचे, त्याला लागूनच टाकळघाट आहे. 4 सप्टेंबर 1863 च्या रात्री टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात एक माणूस घोड्यासकट सापडला आणि बुडून गेला. ते होते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप. 1883 मध्ये निघालेल्या आपल्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे. पंचेचाळिशीतला माणूस, घरी बायकामुलं, नागपुरातलं काम अर्ध्यावर. त्यांच्यासाठी प्रार्थना करणारी माणसं इथे आणि स्कॉटलंडमध्येही होती. त्यांची प्रार्थना कमी पडली असं म्हणायला आज कुणाची जीभ वळणार नाही. मग तोच न्याय स्वतःला का लावत नाही?

त्या प्रचारकाने दिलेलं वचन त्याचं स्वतःचं होतं, ताई. शुभवर्तमानाने ते दिलेलं नाही. पुनरुत्थानाचा दावा एका बाजूने फार मोठा आहे, दुसऱ्या बाजूने तुमच्या अपेक्षेहून वेगळा आहे. किडनी बरी होईल असं तो सांगत नाही. लाजरसुद्धा पुढे कधीतरी पुन्हा मेलाच असणार. मृत्यूला शेवटचा शब्द बोलता येणार नाही, आणि देव जे परत देणार आहे ते आत्म्यापुरतं नसेल, देहासह असेल, एवढाच तो दावा. विश्वासांगीकारात आपण दर रविवारी 'देहाचे पुनरुत्थान' म्हणतो ते हेच. तो दावा खरा मानायचा की नाही हा प्रत्येकाचा प्रश्न. मी मानतो. पण मानूनही नोव्हेंबरातली ती रात्र पुसली जात नाही, आणि ती पुसली गेली पाहिजे असं कुणी ठरवलं?

तुमच्या पत्रात एक गृहीत पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे, आणि माझा सगळा रोख त्याच्यावर आहे. आशा म्हणजे मनाला वाटणारं काहीतरी, आणि ईस्टरच्या सकाळी ते वाटलंच पाहिजे, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं असेल तर पहिल्या ईस्टरला कुणालाच आशा नव्हती. मार्काच्या शुभवर्तमानाची सगळ्यात जुनी संपूर्ण हस्तलिखितं 16 व्या अध्यायाच्या 8 व्या वचनावर संपतात: स्त्रिया थरथर कापत थडग्यापासून पळाल्या आणि भीतीपोटी कुणाला काही बोलल्या नाहीत. योहानात मग्दालीया मरीया बाहेर रडत उभी आहे, आणि समोर आलेल्या प्रभूला ती माळी समजते. 'बाई, का रडतेस?' असं तिला दोनदा विचारलं जातं, 'रडू नकोस' असा दम कुणी देत नाही. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे शिष्य खिन्न होऊन गाव सोडून चाललेत. वाट सुमारे 11 किलोमीटरची, म्हणजे बर्डीहून कोराडीच्या अलीकडपर्यंत. येशू सोबत चालू लागतो तेव्हा आधी त्यांनाच सगळं बोलू देतो, झालेली अख्खी हकीकत. आणि मला सगळ्यात माणसासारखी वाटते ती गोष्ट पुढची आहे. शिष्यांना प्रभू भेटून आठवडा उलटला, तरी पुढच्या रविवारी ते पुन्हा दारं लावूनच बसलेले होते. बातमी कळली होती, डोळ्यांनी पाहिलंही होतं, पण कडी काढायचा धीर झाला नव्हता.

म्हणजे पुनरुत्थान आधी घडलं, माणसांना ते वाटायला वेळ लागला. तुम्हाला आज काही वाटत नाही याने त्या सकाळी काय घडलं त्यात फरक पडत नाही. आशा निर्माण करून मंडळीला दाखवायचं काम तुमच्याकडे नाहीच. ईस्टरचा काळही एका पहाटेचा नसतो, पेंटेकॉस्टपर्यंत 50 दिवस चालतो. सगळं त्या एका सकाळी मनात उगवायला हवं अशी मुदत कुणी घातलेली नाही.

आता पैशांकडे येतो. आध्यात्मिक पत्रात हप्त्यांचा विषय कशाला, असं एखाद्याला वाटेल. पण पौलाने काय केलंय पाहा. त्या 15 व्या अध्यायात कर्णा वाजतो, मेलेले उठतात, मृत्यूची नांगी जाते. शेवटच्या वचनात तो म्हणतो, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. आणि लगेच पुढच्या ओळीला, 16 व्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात, वर्गणीचा विषय काढतो: यरुशलेमेतल्या गरजू भावंडांसाठी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने थोडे पैसे बाजूला ठेवावेत. अध्यायांचे आकडे फार नंतर पडले, त्याच्या पत्रात मध्ये रेघ नव्हती. पुनरुत्थानावरून तो थेट हिशेबावर आला.

तुम्ही दोन वर्षं डायलिसिसच्या दिवशी रजा टाकल्या, पाणी मोजून दिलं, मीठ तोडलं, रात्री पाय चेपले. त्या देहासाठी केलेले ते श्रम वाया गेले नाहीत, हे मी त्याच वचनाच्या आधाराने म्हणतो. आणि त्याच्या पुढच्या ओळीच्या आधाराने म्हणतो की हप्ते थकलेत हे पाळकांना आणि मंडळीच्या कमिटीला सांगा. यात लाज नाही. पतसंस्थेत स्वतः जाऊन मृत्यूचा दाखला दाखवा, हप्ते बांधून मागा. कर्जाला विमा जोडलेला होता का तेही विचारा.

दुसरं, मिस्टरांचं नाव शेवटपर्यंत पटावर होतं असं तुम्ही लिहिलंय. पगारातून पीएफ कापला जात असेल तर नॉमिनी म्हणून तुमचे तीन अर्ज होतात: साठलेल्या रकमेसाठी फॉर्म 20, विधवा पेन्शनसाठी फॉर्म 10-डी आणि विम्यासाठी फॉर्म 5-आयएफ. मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत वेगळी पेन्शन असते. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास मिळणाऱ्या विम्याची कमाल मर्यादा 7 लाख रुपये आहे. या तिसऱ्या अर्जाबद्दल पुष्कळ घरांत कुणाला ठाऊकच नसतं. कंपनीच्या एचआरकडून सही-शिक्का घ्यावा लागतो, म्हणून मिस्टरांच्या एखाद्या जुन्या सोबत्याला बरोबर घेऊन जा.

तो सोबती आणखी एका कामाचा आहे. मुलाचं सांगतो.

पोराला पाठ केलेलं उत्तर देऊ नका. पंधराव्या वर्षी पोरं ते एका मिनिटात ओळखतात. "पप्पांसाठी एवढी प्रार्थना केली, काय झालं?" याला तुमच्याकडे उत्तर नसेल तर "मलाही कळलेलं नाही, मलाही राग येतो" एवढंच म्हणा. देवावर रागावणारा मुलगा अजून देवाशी बोलतोय, निदान त्याच्याविषयी बोलतोय. येशूचा शिष्य थोमा याने तर अट घातली होती की जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. तो आठवडाभर न मानता त्याच घरात, त्याच मित्रांत राहिला. कुणी त्याला हाकलल्याचं योहानाने लिहिलेलं नाही. आणि गंमत म्हणजे भारतातली सगळ्यात जुनी ख्रिस्ती परंपरा आपली सुरुवात त्याच शंकेखोर थोमापासून सांगते.

मी तुमच्या जागी असतो तर यंदा त्याला उपासनेची सक्ती केली नसती. शिस्त मोडेल असं म्हणणारे घरात असतील, त्यांचंही ऐकून घ्या, पण ओढून नेलेला मुलगा तिथे बसून फक्त आपला राग मोजत राहील. त्याऐवजी एक गोष्ट मागा: आदल्या दिवशी, शनिवारी, उन्हं कलल्यावर कबरीपाशी यायचं, माती सारखी करायची, पाणी शिंपायचं, झेंडूची रोपं लावायची असतील तर लावायची. प्रार्थनेची अट नको. मुलगा म्हणून बापाचं काम करायचं, बस. आणि तो बुटीबोरीचा सोबती कधीतरी घरी जेवायला बोलवा. बाप कामावर कसा होता, कशावर हसायचा, कुणासाठी भांडला, हे त्याच्याकडून ऐकलेलं पोराला कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त पुरेल.

त्याने शाळा सोडून दिली, खाणं सोडलं, जगून काय करायचं असं काही बोलला, तर मात्र थांबू नका. तुमच्या झोपेबद्दलही तेच. महिनोनमहिने रात्र डोक्यावरून जात असेल तर तो विश्वासाचा विषय राहत नाही, डॉक्टरांचा होतो. सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात दाखवता येईल. बाहेर पडायचं बळ नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. प्रार्थना चालू ठेवून गोळी घेता येते.

हे वाचणाऱ्या इतरांना, विशेषतः ज्यांच्या मंडळीत यंदा कुणाची खुर्ची रिकामी झाली आहे त्यांना, दोन शब्द. मयतीला सगळे येतात. डबा लागतो तो चौथ्या महिन्यात, जेव्हा नातेवाईक परत गेलेले असतात. "निदान त्रासातून तरी सुटले" हे वाक्य घरच्या माणसाने म्हटलं तर ठीक, तुम्ही म्हणू नका. आणि तुमच्यात कुणी बँकेत, पीएफमध्ये, वकिलीत असेल तर त्याने ईस्टरच्या शुभेच्छांसोबत "कागदपत्रं घेऊन मंगळवारी माझ्याकडे या" असंही म्हणावं.

राहिलं गाणं. तुमच्यापुढे वाटा तीन दिसतात. नेहमीप्रमाणे पुढे उभं राहून गीत उचलायचं. जायचं पण गायचं नाही. किंवा यंदा घरीच राहायचं. घरी राहणं पाप नाही, त्या पहाटे अंगात त्राणच नसेल तर खुशाल राहा. पण मला भीती वाटते की घरात तुम्ही घड्याळ बघत बसाल आणि आता ते कुठल्या गीतावर आले असतील याचाच हिशेब करत राहाल. पुढे उभं राहणं हे धाडस म्हणून चांगलं दिसेल, पण धाडस दाखवायची तुम्हाला गरज नाही, आणि कबर समोर असताना पहिला सूर लागला नाही तर तुम्ही स्वतःलाच बोल लावाल.

"मनात नसताना गायलं तर ढोंग होईल" असं तुम्ही लिहिलंय, ते मला पटत नाही. स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र बघा. सुरुवातीपासून काळोख, शेवटही काळोखातच, आशेची एक ओळ जोडून ते गोड केलेलं नाही. तेही मंदिरात गायलंच जायचं. गाणाऱ्या सगळ्यांच्या मनात एकाच वेळी तेच असतं असं कधीच नव्हतं. तुम्ही एका ओळीला थांबलात तर शेजारची ती ओळ पुढे नेईल, क्वायर त्याचसाठी असते.

म्हणून माझा कौल असा. शनिवारी संध्याकाळी पोराला घेऊन कबरीपाशी जाऊन या, म्हणजे चारचौघांत पहिल्यांदा तिथे उभं राहायची वेळ पहाटे येणार नाही. रविवारी जा, क्वायरमध्ये उभ्या राहा, पण मागच्या रांगेत, कडेला, जिथून कुणाला न सांगता बाजूला होता येईल. जमेल तेवढं गा. रडू आलं तर येऊ द्या. पहिलं गीत उचलायचं काम यंदा दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि हे क्वायरच्या प्रमुखांना याच रविवारी सांगा. आदल्या रात्री निरोप गेला तर त्यांची धांदल उडेल, आणि ज्यांना सूर धरायचाय त्यांना पेटीवर बसायला दोन संध्याकाळी तरी मिळायला हव्यात.